बेटावरची उन्हाळी सहल आणि अंगावरचे कपडे

खाडीपलीकडची

नमस्कार. लग्न होऊन मी गिरगावातून मनोरीला आले, त्याला आता अकरा वर्षे झाली. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसायचे आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे उतरायचे, हा माझा नित्याचा रस्ता आहे. कपड्यांविषयी लिहिण्याचा आणि स्वतः शिवलेल्या कपड्यांची छायाचित्रे मांडण्याचा छंद मात्र गिरगावापासूनचा. एप्रिल उजाडला की ओळखीच्या मुली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, “ताई, घारापुरीला जायचे आहे, गोराईला जायचे आहे, काय घालू?” एकेकीला तुटक उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहावे असे वाटले.

माझे मत असे आहे की बेटावरच्या सहलीचा कपडा धक्क्यासाठी निवडावा, छायाचित्राचा विचार त्यानंतर करावा. हे मत मला पुस्तकातून मिळालेले नाही. तीन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने मला घोट्यापर्यंत लांब, मोठ्या घेराचा पॉलिस्टर जॉर्जेटचा पोशाख भेट म्हणून पाठवला आणि समुद्राच्या पार्श्वभूमीवर छायाचित्रे काढून द्यावीत अशी विनंती केली. मी तो घालून भर ओहोटीला निघाले. ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर हिरवे शेवाळ असते आणि कडेच्या दगडांना कालवांच्या कवचांचा धारदार थर चिकटलेला असतो. बोटीवरचा माणूस एक पाय बोटीत आणि एक पायरीवर रोवून हात पुढे करतो, बोट वरखाली होत असते, आणि तेवढ्या वेळात तुम्ही दोनच गोष्टी करू शकता, हात धरणे आणि पाऊल टाकणे. घेर सावरायला तिसरा हात लागतो. माझा घेर टाचेखाली आला, मी गुडघ्यावर पडले, कवचाने नडगी कापली आणि पोशाखाची कड वीतभर फाटली.

हा प्रसंग मी जसाच्या तसा लिहून पाठवला, तेव्हा त्या विक्रेत्याने तो भाग गाळून फक्त छायाचित्रे मांडावीत आणि कपडा भेट मिळाला आहे याचा उल्लेख करू नये, असे सुचवले. मी तो पोशाख परत केला. भेट मिळालेल्या वस्तूविषयी लिहिताना ते स्पष्ट सांगावे, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून घालून दिला आहे. पण नियम नसता तरी वाचणारीच्या नडगीचा विचार मला करावाच लागला असता.

तेव्हापासून माझा सहलीचा कपडा घोट्याच्या चार बोटे वर थांबतो. मध्यम जाडीचा सुती अंगरखा, खाली निमुळती सलवार किंवा पोटरीपर्यंतची विजार, खोल खिसे, आणि मागे पट्टा असलेली रबरी तळाची चप्पल. ओढणी घेतलीच, तर ती खांद्यावर टाचलेली असते, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटला की सुटी ओढणी तोंडावर तरी येते किंवा बोटीच्या कठड्यात तरी अडकते. लाइफ जॅकेटचे पट्टेही तिच्यावरून नीट आवळले जात नाहीत. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि माणसे दगावली, त्यानंतर मी जॅकेट अंगावर घातल्याशिवाय बोटीत बसलेली नाही. ज्या कपड्यावर जॅकेट बसत नाही, तो कपडा त्या दिवशी घरीच राहतो.

यात नवे काहीच नाही, हेही मला सांगायचे आहे. मनोरी-गोराईच्या जुन्या कोळणींचे लुगडे पाहा. कमरेला घट्ट, मागे काष्टा, पोटरीच्या वर थांबणारे आणि अंगावर कुठेही फडफडणारे टोक नसलेले. डोक्यावर पाटी घेऊन होडीतून गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्या बाईने पिढ्यानपिढ्या वापरून सिद्ध केलेला तो पोशाख आहे. आपली मुंबईसुद्धा मुळात सात बेटांची. कुलाब्याचा बांध १८३८ साली झाला आणि माहीमचा १८४५ साली, तोही लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या देणगीतून. त्याआधी माहीमहून वांद्र्याला जायचे म्हणजे नावेतच पाय ठेवावा लागे. म्हणजे बेटावर काय घालावे हा प्रश्न या शहराने फार पूर्वी सोडवलेला आहे, आपण ते उत्तर विसरलो आहोत.

तुमचे अनुभव अवश्य लिहा.

मलमल

फार उपयुक्त लेखन. मी कापडाच्या व्यवसायात आहे, म्हणून थोडी भर घालते. कापड हवेतला ओलावा किती धरून ठेवते याची प्रमाणित मोजमापे ठरलेली आहेत. कापूस सुमारे साडेआठ टक्के, लिनन सुमारे बारा टक्के आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मुंबईच्या मे महिन्यात घाम येतो पण हवा दमट असल्यामुळे तो वाळत नाही, तेव्हा तो टिपून घेणारे कापडच अंगाला सुसह्य होते. लांबचा विचार केला तर लिनन उत्तम, मात्र बोटीच्या बाकावर तासभर बसल्यावर त्याला ज्या चुण्या पडतात त्या ज्यांना चालत नाहीत, त्यांनी सुती हातमाग घ्यावा.

एका गैरसमजाबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवे. उन्हात पांढरी तलम मलमल सर्वांत चांगली, असे सरसकट समजले जाते. मला मलमल किती प्रिय आहे ते माझ्या नावावरून कळेलच, पण विरळ विणीच्या पांढऱ्या कापडातून अतिनील किरणे बऱ्यापैकी आत येतात, आणि ते ओले झाले की आणखी जास्त येतात. उघड्या किनाऱ्यावर दोन-तीन तास घालवायचे असतील, तर थोडी दाट वीण आणि थोडा गडद रंग अधिक राखण करतो. निळीत रंगवलेली खादी या बाबतीत मला सर्वांत भरवशाची वाटते.

जरीचे काहीही नेऊ नका. तांब्यावर मुलामा दिलेली जर खाऱ्या हवेत काळवंडते आणि मग ती पूर्ववत होत नाही.

नवखी दादरची

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही घारापुरीला जाणार आहोत आणि सोबत माझ्या सासूबाई आहेत. त्यांचे वय अडुसष्ट असून त्या साडीखेरीज काहीही नेसत नाहीत. त्यांना सलवार घालायला सांगणे मला बरे वाटत नाही, आणि त्यांना घरी ठेवून जाणे त्याहून बरे वाटत नाही. साडीतच काय करता येईल?

शेतबंदर

नवखीताई, सासूबाईंना नक्की घेऊन या. माझे आजोळ घारापुरीचे आहे. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत, त्यांपैकी शेतबंदरच्या धक्क्यावर तुमची लाँच लागेल. गेटवेहून साधारण तासाभराचा प्रवास आहे. धक्का लांब आहे, तिथून पायथ्यापर्यंत छोटी गाडी मिळते, आणि पुढे लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. त्या ज्यांना झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोलीची सोय असते. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा.

साडीबद्दल माझ्या मावशीची पद्धत सांगते. सुती साडी, नेहमीपेक्षा तीन बोटे वर, निऱ्या कमी आणि रुंद, आणि निऱ्यांना आतल्या बाजूने गुडघ्याच्या उंचीवर एक मोठी पिन. पदर पाठीवरून पुढे घेऊन कमरेला खोचायचा. आतला परकर सुतीच हवा आणि त्याचा घेर पुरेसा हवा, कारण अरुंद परकरात पाय उंच पायरीवर टाकताच येत नाही आणि तोल जातो तो तिथेच. इरकल किंवा साधी नारायणपेठ सर्वांत सोयीची, पोत भरीव असल्यामुळे ती वाऱ्याने फुगत नाही.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माकडे असतात. त्यांचे लक्ष हातातल्या पिशवीकडे आणि खाण्याकडे असते, म्हणून लोंबत्या गोंड्यांची पर्स आणि हातात धरलेला खाऊ नको. डबा बंद पिशवीत, पिशवी खांद्यावर.

जाता जाता एक आठवण लिहिते, कारण ती कपड्यांचीच आहे. ही लेणी १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, पण त्या बेटावर कायमची वीज पोहोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची तार टाकून. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनित्रावर दिवे लागत. माझी मावशी पायाच्या यंत्रावर पोलकी शिवायची आणि दिवस मावळायच्या आत काजे-बटणे पुरी करायची. इस्त्री कोळशाची होती. सुट्टीत गेल्यावर त्या इस्त्रीतली राख पाखडायचे काम माझ्याकडे असे. म्हणून पायथ्याच्या दुकानांतून तुम्ही टोपी किंवा ओढणी विकत घ्याल, तेव्हा भाव करताना थोडे सांभाळून घ्या. तिथली प्रत्येक वस्तू गेटवेवरून नाहीतर उरणच्या बाजूने बोटीत चढून, धक्क्यावर उतरून, पायऱ्या चढून वर आलेली असते.

चौकट

धागालेखिकेशी सहमत आहे, मात्र छायाचित्राला चौथ्या-पाचव्या स्थानी ढकलावे लागते असे मला वाटत नाही. धक्क्याला योग्य असलेला कपडा छायाचित्रातही चांगलाच दिसतो. घारापुरीची लेणी काळसर बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत आणि आतला उजेड दारांकडून तिरपा येतो. अशा जागी पांढरा शुभ्र कपडा कॅमेऱ्यात जळून जातो, म्हणजे त्याची वीण, चुणी, काठ काहीच उमटत नाही. हळदी, मंजिष्ठाचा लाल, कैरीचा हिरवा हे रंग त्या दगडापुढे उठून दिसतात. किनाऱ्यावर नेमके उलटे होते, तिथे दुपारी वाळूवरून उसळणारा प्रकाश सगळेच रंग खाऊन टाकतो. म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर काम उरकावे आणि मधला वेळ सुरूच्या झाडांखाली जेवणासाठी ठेवावा.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांमध्ये तिपाई लावण्यासाठी किंवा व्यावसायिक चित्रीकरणासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. हातातल्या कॅमेऱ्यावर भागवा. शिल्पांना टेकून, त्यांच्या चौथऱ्यावर पाय ठेवून उभे राहू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण दर सुट्टीला येते. त्रिमूर्तीसमोर, जिला अभ्यासक सदाशिव म्हणतात, आपण नीट अंतर राखून उभे राहिलो तरच तिची उंची आणि आपल्या कपड्याचा रंग दोन्ही चौकटीत बसतात.

कोरडे कपडे

एक विरोधी मत नोंदवतो. दोन लहान मुलांचा बाप या नात्याने मला सुतीचे कौतुक पूर्णपणे पटत नाही. गोराईच्या किनाऱ्यावर मुले पाण्यात जाणार हे ठरलेलेच असते. सुती चड्डी एकदा भिजली की परतीच्या बसमध्येही ओलीच राहते आणि मांड्या सोलवटतात. नायलॉनचे पोहण्याचे कपडे अर्ध्या तासात वाळतात. ओलावा न धरण्याचा जो दोष वर सांगितला, तोच इथे गुण ठरतो.

खाडीपलीकडची

कोरडे कपडे, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि मी माझ्या मूळ लेखनात हे लिहायला हवे होते. पाण्यात जाणाऱ्यांनी पाण्याचेच कपडे घालावेत. माझी विनंती एवढीच की बाहेर आल्यावर मुलांना गोड्या पाण्याने पुसून सुती कोरडे कपडे घाला. खारट पाणी वाळले तरी मीठ धाग्यात राहते, ते हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते, आणि म्हणूनच किनाऱ्यावर वाळलेला कपडा संध्याकाळी हाताला दमट लागतो. मांड्या सोलवटण्याचे निम्मे कारण ते मीठ असते. दोन लिटरची बाटली घरूनच भरून न्या. बेटांवर गोडे पाणी जपून वापरावे लागते, पाय धुण्यासाठी गावात मागू नये.

आणि चौकट, तुम्ही माझे वाक्य सुधारलेत. आभार.

सुकी म्हावरी

मी उत्तनची आहे. एवढे सगळे वाचले, सगळे चांगले आहे, पण मनात बरेच दिवस साचलेले एक दुखणे मांडते. मासे सुकवण्याच्या दिवसांत, म्हणजे उन्हाळा संपेपर्यंत, आमच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत घातलेले असतात. शहरातून छान कपडे घालून येणाऱ्या मुलींना ती वलांड फार आवडते. त्या तिच्यापुढे उभ्या राहतात, काही जणी बोंबील हाताने बाजूला सारतात, आणि मागे काम करणाऱ्या माझ्या आईला न विचारता तिचे छायाचित्र काढले जाते. गेल्या वर्षी एकीने आईला “मावशी, जरा त्या बाजूला व्हाल का?” असे विचारले. आई बाजूला झाली. बोंबील दुपारच्या उन्हात उलटायचे राहिले तर त्यांची प्रत बिघडते, आणि पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घर त्याच सुक्या मासळीवर चालते. आई मागे सरली तेव्हा ती त्या कामात होती.

कोणी येऊ नये असे मी म्हणत नाही. या, आधी विचारा, वलांडीला हात लावू नका. आणि छायाचित्रात आईचे लुगडे आले असेल, तर तिलाही ते दाखवा. तिला तिच्या लुगड्याचा अभिमान आहे. ती ते मुद्दाम रंग बघून घेते.

खाडीपलीकडची

ताई, तुमचे लेखन मी दोनदा वाचले. कोळणींच्या लुगड्याचे मी वर एवढे गुणगान केले, पण ते नेसणाऱ्या बाईला विचारून छायाचित्र घ्यावे हे लिहायचे माझ्याकडून राहून गेले. माझ्या जुन्या संग्रहात मनोरीच्या बाजारातली दोन छायाचित्रे अशी आहेत, त्यांतल्या दोघीही माझ्या ओळखीच्या आहेत. उद्या सकाळी बाजारात त्यांची गाठ घेते. त्यांची संमती असली तर ठेवीन, नसली तर काढून टाकीन.

भांग आणि उधाण

कपड्याच्या लांबीची चर्चा चालली आहे तर भरती-ओहोटीचा हिशेबही इथे असू द्या, कारण कोणत्या पायरीवर उतरायचे ते पाणी ठरवते. आमच्याकडे चालत आलेला आडाखा सोपा आहे. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ येते, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बारा वाजता ओहोटी. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, म्हणून नक्की वेळ छापील तक्त्यातून पाहावी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते, शेवाळाच्या पायऱ्या तेव्हाच जास्त उघड्या पडतात. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाण्याचा चढउतार कमी. वयस्कर माणसे सोबत असतील तर भांगाचे दिवस निवडावेत.

नवखी दादरची

आम्ही काल जाऊन आलो, म्हणून कळवते. वर दिलेल्या आडाख्याप्रमाणे सप्तमी निवडली. सासूबाईंनी त्यांची जुनी गडद हिरवी इरकल नेसली आणि मावशींच्या पद्धतीने निऱ्यांना आतून पिन लावली. परकर मात्र अरुंद निघाला, ते आदल्या रात्री लक्षात आले, तेव्हा मी त्याची एका बाजूची शिवण गुडघ्यापर्यंत उसवून तिथे त्रिकोणी कळी जोडली. लाँचमधून उतरताना त्यांनी एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्या हाताने खलाशाचा हात धरला आणि पाऊल टाकले. साडीला हात लावावा लागला नाही. डोलीला त्यांनी ठाम नकार दिला, चार ठिकाणी बसत-बसत साऱ्या पायऱ्या चढल्या. वर कैरीचे पन्हे, भाकरी आणि लसणीची चटणी खाल्ली, रिकाम्या पिशव्या परत आणल्या.

छायाचित्र एकच नीट आले आहे. लेण्याच्या खांबापासून हातभर अंतरावर त्या उभ्या आहेत, पदर खोचलेला आहे आणि काठाचा लाल रंग दगडापुढे स्वच्छ दिसतो. त्यांना विचारूनच इथे मांडते आहे. परतीच्या लाँचमध्ये पाण्याचे शिंतोडे उडाले, त्यामुळे काठाजवळ पांढुरके डाग उमटले आहेत. साडी अजून तशीच घडी करून ठेवली आहे. ड्रायक्लीनला द्यावी का?

खाडीपलीकडची

देऊ नका. ते डाग मिठाचे आहेत, साध्या पाण्यात जातील. घडी आत्ताच मोडा, बादलीभर गार गोड्या पाण्यात साडी दहा मिनिटे बुडवून ठेवा, पाणी दोनदा बदला, साबण लावू नका आणि पिळू नका. इरकलीचा काठ आणि पदर रेशमी असेल, तर तेवढा भाग हाताने हलकेच दाबून पाणी काढा आणि साडी सावलीत, उलटी बाजू वर करून वाळत घाला. परकराची कळी तशीच राहू द्या. सासूबाईंना मनोरीला यायचे असेल तर पुढची सप्तमी-अष्टमी पाहून मला कळवा, मी धक्क्यावर घ्यायला येईन.